बाईंनी डायलिसिस थांबवलं तेव्हा

मी मूळची यवतमाळची. आहारशास्त्र शिकले, काही वर्षं नागपूरला एका हॉस्पिटलात पेशंटना काय खायचं आणि काय नाही ते सांगत होते. लग्न मोडलं तेव्हा पुण्याला आले, कर्वेनगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत लागले. ही कंपनी डायलिसिसवर असलेल्या लोकांसाठी मोबाइलचं ॲप तयार करत होती. किडन्या निकामी झाल्या की आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. मधल्या दिवसांत पाणी किती प्यायलं, वजन किती वाढलं, काय खाल्लं, झोप लागली का, मन कसं आहे, हे पेशंटनं ॲपमध्ये भरायचं आणि ॲपनं त्याला त्याच्यापुरता सल्ला द्यायचा, अशी कल्पना. त्यातली सगळी मराठी वाक्यं मी लिहायची आणि पहिल्यांदा वापरून बघायला तयार झालेल्या पेशंटना भेटून त्यांच्या अडचणी टिपायच्या, असं माझं काम होतं.

ॲपचा आणखी एक भाग होता, घरच्यांसाठी. पेशंटनं भरलेलं सगळं घरातल्या एका माणसाच्या फोनवर दिसायचं. पाणी ठरवून दिलेल्या मापापेक्षा जास्त झालं किंवा डायलिसिस चुकलं, तर त्या फोनवर लाल पट्टी यायची आणि फोन वाजायचा. आमच्या साहेबांचा हा सगळ्यात आवडता भाग. त्यांचे वडील डायलिसिसवर असतानाच गेले होते आणि तेव्हा साहेब परदेशात कामावर होते. "मला त्या आठवड्यात कुणी काही कळवलंच नाही," असं ते एकदा मीटिंगमध्ये म्हणाले. त्यामुळे त्या लाल पट्टीवर कुणी फारसा वाद घालत नसे.

बाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या पेठेतल्या एका लहान डायलिसिस सेंटरवर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, अंगानं अगदी किरकोळ. एक हात मशीनला जोडलेला आणि दुसरा पोटावर ठेवून छताकडे बघत पडल्या होत्या. मी स्टूल ओढून बसले.

"काकू, मी ॲपच्या कंपनीतून येऊन राहिले. तुमच्या मुलीनं नाव दिलं होतं ना..."

त्यांनी मान वळवली. "येऊन राहिलीस? म्हणजे इथंच मुक्काम करणार का?"

मी ओशाळून हसले. आमच्याकडं असंच बोलतात, असं म्हणाले.

"बोला की. मी फक्त राहण्याची सोय विचारली. आणि काकू नको, बाई म्हण. सगळं गाव म्हणतं."

त्या नारायण पेठेत राहत. इमारतीत लिफ्ट नव्हती आणि घर वरच्या मजल्यावर. घरात त्या आणि त्यांची मुलगी, दोघीच. मुलगी चाळिशीची, लग्न न केलेली, कर्वेनगरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. सकाळी उठून ती आईसाठी भाज्या दोनदा उकळून त्याचं पाणी फेकून द्यायची, बिनमिठाचं वरण वेगळं काढायची, स्वतःचा डबा भरायची आणि बस पकडायची. दिवसभर आई घरात एकटी. म्हणूनच तिनं ॲपसाठी नाव दिलं होतं.

बाईंनी ॲप वापरायला सुरुवात केली ती तक्रारींनीच. पाणी मापात राहिलं की ॲप "शाब्बास!" म्हणायचं. ते वाक्य माझं होतं.

"हे शाब्बास मला कोण म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"ॲप म्हणतं, बाई."

"जन्मभर मी मोजून शाब्बासकी दिली. भूमितीतला अवघड सिद्धांत स्वतःहून सोडवला तर. तहान लागली असताना पाणी प्यायले नाही, याला काय शाब्बास? 'बरं' म्हण. एवढं पुरे."

मी ते बदलून "बरं. नोंद झाली." असं केलं. बाकीच्या पेशंटनाही ते आवडलं. मग मी दर आठवड्याला नवीन वाक्यं घेऊन बाईंकडे जायला लागले. कधी सेंटरवर, कधी घरी. त्या खोडायच्या, मी पुन्हा लिहायची. "आज मन कसं आहे?" या प्रश्नाखाली आम्ही हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांबरोबर एक मोकळी जागा ठेवली होती. बाकीचे लोक चेहऱ्यावर बोट ठेवून मोकळे व्हायचे. बाई त्या जागेत लिहायच्या. "आहे." किंवा, "विचारून काय करणार?" पुण्यात माझं तसं कुणी नव्हतं. त्यांच्याकडे जायचा दिवस मला चांगला जायचा, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ऊन वाढलं. डायलिसिसच्या माणसाला लघवी जवळजवळ होत नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगात साठतं, फुप्फुसात उतरतं. तहान मात्र तेवढीच लागते, उलट जास्तच. एका दुपारी मी बाईंच्या फोनमध्ये काही दुरुस्ती करायला घरी गेले होते. दारावरची बेल वाजली आणि मुलगी आत आली. ऑफिस सोडून रिक्षानं आलेली, घामानं भिजलेली. हातात फोन, त्यावर लाल पट्टी.

"आई, किती प्यायलीस?"

"तुझ्या फोनला विचार. त्याला सगळं ठाऊक असतं."

"मी तुला विचारतेय."

"तांब्याभर प्यायले. उकडत होतं, तोंडाला कोरड पडली होती, प्यायले. आणि खरं तेवढं भरलं. तर तू काम टाकून मला रागवायला आलीस. उद्यापासून खोटं भरीन, म्हणजे तुलाही त्रास नको."

मुलगी दारातच चपला न काढता उभी होती. "मला तिथं काउंटरवर बसल्या बसल्या कळतं. समोर पोरांची रांग असते. मी काय करू तिथं?"

"मग कळवून कशाला घेतेस?" बाई म्हणाल्या. "एवढी वर्षं ऑफिसात जात होतीस, घरी मी काय करते ते कळत नव्हतं. चाललंच होतं ना?"

मुलगी आतल्या खोलीत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. बाई मला म्हणाल्या, "तू जा आता." मी निघाले.

त्यानंतर बाईंच्या पाण्याच्या नोंदी अगदी नमुनेदार यायला लागल्या. सेंटरवर वजन केलं की खरं काय ते कळायचं. मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लाल पट्टीची मर्यादा थोडी सैल करून दिली. ती काढून टाकायला मात्र ते तयार नव्हते. "घरच्यांचा जीव टांगणीला असतो," ते म्हणाले. "ते तुम्हाला समजायचं नाही." माझ्या घरातलं कुणी असं आजारी पडलं नव्हतं, त्यामुळे मी नवीन मर्यादा तेवढी टिपून घेतली.

दिवाळीनंतर बाईंचं सगळंच बिघडत गेलं. हातावरची ज्या जागी सुया टोचायचे ती शीर बंद पडली. मग मानेत नळी घातली. नळीतून जंतुसंसर्ग झाला, ताप चढला आणि त्यांना एका मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. तापात त्यांना भ्रम झाला. मानेतली नळी त्या ओढायला लागल्या. तेव्हा मुलीला विचारून नर्सनी त्यांचे दोन्ही हात खाटेच्या कडांना बांधले. मी भेटायला गेले त्या दिवशी हात बांधलेलेच होते. बाईंनी मला ओळखलं नाही. त्या वर्गातल्या कुणाला तरी बाकावरून उठून उभं राहायला सांगत होत्या, पुन्हा पुन्हा, आणि तो ऐकत नव्हता.

त्यातून त्या वाचल्या. घरी आल्या, पण सेंटरवर न्यायला-आणायला आता दोन माणसं लागायची. खुर्चीत बसवून जिना उतरवायचे, चढवायचे. मशीनवर रक्तदाब एकदम खाली जायचा, पायात गोळे यायचे, त्या ओरडायच्या. सेंटरवरचे बाकीचे लोक तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीकडे बघायचे.

जानेवारीत त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. मुलगी ऑफिसात होती आणि शेजारच्या एक काकू सोबतीला बसल्या होत्या. त्यांना बाईंनी चहा टाकायला आत पाठवलं.

"मी डायलिसिस थांबवणार आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या सेंटर बदलण्याबद्दल बोलताहेत. तसं विचारलंही.

"सेंटर नाही गं. डायलिसिस. डॉक्टरांना सांगितलंय. त्यांनी आधी समजूत घातली, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, मग मनाच्या डॉक्टरांना घेऊन आले. मी शुद्धीत आहे, अशी सगळ्यांची खात्री पटली. घरी येऊन बघणारे एक डॉक्टर आहेत, धाप लागली की औषध देतात. ते येतील."

"ताईंना सांगितलं?" त्यांच्या मुलीला मी ताई म्हणायचे.

"सांगितलं. ती परवापासून माझ्याशी बोलत नाही. वाढते, औषधं देते, बोलत नाही." बोलताना त्यांना दम लागत होता. "माझे हात बांधले होते ते मला आठवतं. लोकांना वाटतं भ्रमात होते म्हणजे आठवत नसेल. पुढचा ताप आला की पुन्हा बांधतील. तिचंही काही चुकलं नाही, ती तरी काय करणार? पण मला ते पुन्हा नको."

मला रडू आलं आणि त्यांच्यासमोर रडायची लाज वाटली.

"रडायला बोलावलं नाही तुला," त्या म्हणाल्या. "काम आहे. मी जायचं बंद केलं की तुझं ॲप काय करेल?"

मी सांगितलं. डायलिसिसच्या दिवशी सकाळी आठवण येईल. नोंद झाली नाही तर दुपारी दुसरी. संध्याकाळी ताईंच्या फोनवर लाल पट्टी.

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"म्हणजे मी इथं मरत पडणार आणि तुमचा फोन तिला दर एक दिवसाआड ओरडून सांगणार की आईनं डायलिसिस चुकवलं." त्यांनी डोळे मिटले. "ते बंद कर. माझ्या फोनवर काय वाजायचं ते वाजू दे. तिच्या फोनवरचं बंद कर."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये वाकडपासून पुढं गाड्या हलत नव्हत्या. मी मनातल्या मनात साहेबांपुढं काय बोलायचं ते जुळवत होते. साहेबांनी सगळं ऐकलं आणि प्रोग्रामरला बोलावलं. पेशंटनं डायलिसिस बंद केलं तर काय, याचे आम्ही तीन मार्ग ठेवले होते. किडनी बदलली. दुसऱ्या सेंटरवर गेले. ॲप सोडलं. चौथा मार्ग कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. माझ्याही नाही.

"आपण हिला नुसतं इनॲक्टिव्ह करू शकतो," प्रोग्रामर म्हणाला. "पण फॅमिली अलर्ट मुलीच्या अकाउंटवर आहे. तिनं स्वतः बंद करायला पाहिजे. आपण बाहेरून केलं आणि उद्या काही झालं, तर आपण अलर्ट लपवला असं होईल."

साहेब टेबलावर पेन आडवं-उभं करत होते. "त्यांना थांबवायला नको का कुणी?" ते म्हणाले. मला विचारत होते की स्वतःला, कळलं नाही. मग म्हणाले, "तुम्ही मुलीशी बोला. ऑफिसतर्फे नको. तुम्ही म्हणून बोला."

मी कॉलेजात गेले. जेवणाच्या सुट्टीत ताई बाहेर आल्या. आवारातल्या कट्ट्यावर आम्ही बसलो. त्यांनी डबा उघडला नाही.

"आईनं पाठवलं ना तुम्हाला?"

मी हो म्हटलं आणि काय ते सांगितलं. त्या माझ्याकडं न बघता ऐकत राहिल्या.

"नाही बंद करणार," त्या म्हणाल्या. "वाजू दे. तिला ऐकू येऊ दे. दर वेळी वाजलं की तिला कळेल, अजून जाता येतं. गाडी बोलावता येते. खुर्ची आहे, माणसं आहेत. सगळं आहे. फक्त तिनं हो म्हणायचं."

"ताई, त्यांना फार त्रास होतो मशीनवर."

"मला माहीत नाही का?" त्यांचा आवाज चढला तशी शेजारच्या मुली वळून बघायला लागल्या. "तुम्ही आठवड्यातून एकदा येता. तुमच्याशी ती विनोद करते. तुम्ही गेल्यावर तिला संडासात मी नेते. तुम्ही मला सांगणार तिला किती त्रास होतो ते?"

मी माफी मागितली. त्यांनी डबा पिशवीत घातला आणि आत गेल्या.

बाईंनी त्या आठवड्यात थांबवलं. ताईंनी रजा घेतली. घरी येणारे डॉक्टर आले, औषधं कशी आणि कधी द्यायची ते त्यांनी ताईंना समजावलं. त्यांनी जाता जाता बाईंना विचारलं, काही हवंसं वाटतं का. बाई म्हणाल्या, शहाळं. किडनीच्या माणसाला शहाळ्याचं पाणी म्हणजे विष, त्यातल्या पोटॅशियममुळे हृदय बंद पडू शकतं. कित्येक वर्षांत त्यांनी ते तोंडाला लावलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, घोटभर द्या. ताई खिडकीशी उभ्या होत्या. त्या तिथून हलल्या नाहीत, म्हणून मीच खाली जाऊन घेऊन आले. बाईंनी दोन घोट घेतले आणि मला म्हणाल्या, "पाणचट आहे. बघून घ्यायचं ना." मग उरलेलं त्यांनी मला प्यायला लावलं.

पहिल्या चुकलेल्या दिवशी संध्याकाळी ताईंचा फोन वाजला. मी तिथंच होते. आवाज आम्हीच निवडलेला, न चुकता लक्ष वेधेल असा. पलंगावर बाईंनी डोळे उघडले आणि मुलीकडं बघितलं. ताई फोन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. तो पुन्हा वाजला. बाई म्हणाल्या, "ये, बस इथं." ताई बसल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी आईच्या पायाला लावायचं तेल गरम करून आणलं, पायथ्याशी बसून लावायला लागल्या. पाय इतके सुजले होते की बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. त्या संध्याकाळी दोघी एकमेकींशी एवढंच बोलल्या.

पुढं बाई झोपूनच राहायला लागल्या. अंगाला खाज सुटायची, झोपेतही हात खाजवत राहायचे. धाप लागली की ताई औषधाचे थेंब जिभेखाली सोडायच्या. फोन आणखी वाजला. ताईंनी तो दर वेळी उचलला, बघितला आणि खाली ठेवला. शेवटी शेवटी बाईंना तो ऐकू येत नसावा. एका सकाळी आठच्या सुमाराला, खाली दूधवाला हाका मारत असताना, त्या गेल्या. ताई दूध घ्यायला खाली गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा श्वास थांबला होता. तसं त्यांनी मला नंतर सांगितलं, फोनवर, अगदी सरळ आवाजात.

तेराव्याला मी गेले. पाहुणे जेवून गेल्यावर ताईंनी मला आत बोलावलं आणि दोन्ही फोन पुढं ठेवले. "आता बंद करून द्या," त्या म्हणाल्या. खातं बंद करताना ॲप कारण विचारतं. पडद्यावर आलं: आता बरं वाटतंय. वापरायला वेळ नाही. दुसरं ॲप वापरतो. इतर. ती चारही वाक्यं माझीच. ताईंनी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि "इतर"वर बोट ठेवलं. आभार मानणारं एक वाक्य आलं आणि पडदा पांढरा झाला.

ऑफिसात मी चौथा मार्ग सुचवला. ज्यांनी विचार करून थांबवलंय त्यांच्यासाठी आठवणी बंद, घरच्यांसाठी लाल पट्टीच्या जागी घरी येणाऱ्या डॉक्टरांचा फोन आणि धाप, खाज, कोरड यांवर काय करायचं ते. मी सगळी वाक्यं लिहूनही काढली. साहेबांनी ती वाचली आणि दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा म्हणाले, करू या. पण त्या पावसाळ्यात गुंतवणूकदारांनी डायलिसिसचं सगळं कामच बंद केलं. हे लोक ॲपवर फार दिवस टिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. तेच ॲप आता जिमला जाणाऱ्या तरुण लोकांसाठी बदलायचं ठरलं. साहेबांनी आधी नोकरी सोडली, मग मी. आता मी पौड रोडला एका हॉस्पिटलात पुन्हा आहार सांगण्याचं काम करते.

ताईंना मी त्यानंतर एकदाच भेटले. यवतमाळहून आलेल्या माझ्या भाचीला त्यांच्याच कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता, म्हणून तिच्याबरोबर गेले होते. काउंटरच्या पलीकडं ताई होत्या. केस पांढरे झाले होते, रंगवलेले नव्हते. त्यांनी मला ओळखलं. भाचीचे कागद तपासले, एका ठिकाणी सही राहिली होती ती करायला लावली. अजून कर्वेनगरलाच राहते का, असं मला विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी शिक्का मारला आणि कागद परत द्यायच्या ऐवजी हातातच धरून ठेवले.

"तिनं मला सांगितलं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरांना सांगितलं, तुम्हाला सांगितलं, तसंच मलाही. विचारलं नाही. मी नाही म्हणाले असते, ते तिला माहीत होतं. तरी एकदा विचारायला हवं होतं."

रांगेतल्या मुलानं मागून हात लांब करून त्याचा अर्ज पुढं सरकवला. ताईंनी आमचे कागद मला दिले आणि तो घेतला.